बाबांची स्कोअरबुकं, त्यांचे अशील आणि येणारं वर्षश्राद्ध : काय करावं?

मेहरूणकाठ

नमस्कार मंडळी. येत्या वैशाखात बाबांना जाऊन वर्ष होईल. जळगाव-भुसावळकडचे जे सभासद आहेत त्यांच्यापैकी काहींनी त्यांना पाहिलं असेल. विमा, पोस्ट, म्युच्युअल फंड अशी कामं करायचे, स्कूटरच्या डिकीत फॉर्म आणि एक उभी लांब वही. सगळे त्यांना नाना म्हणायचे.

ती वही स्कोअरबुक होती. तरुणपणी ते कबड्डी खेळले, गुडघा गेला, मग पंचगिरी आणि गुणलेखन. क्रिकेटचं स्कोअरिंग तर शेवटच्या हिवाळ्यापर्यंत. घरात एकोणचाळीस स्कोअरबुकं निघाली. बहुतेकांच्या मागच्या पानांवर अशिलांचे हिशेब आहेत : कुणाचा हप्ता कधी, कुणाच्या मुलीचं बारावीचं वर्ष कोणतं, कुणाच्या पॉलिसीवर वारसाचं नाव लावायचं राहिलंय. पुढून उघडली की षटकं, मागून उघडली की माणसं.

प्रश्न असा आहे. काकांचं म्हणणं, नानांच्या नावाने मोठी टेनिस बॉल स्पर्धा भरवू, रोख बक्षीस, चषक, फ्लेक्स. भाऊ म्हणतो तेच पैसे शाळेला देऊ. आई काहीच बोलत नाही. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं सुचतही नाही. तुम्ही अशा वेळी काय केलंत? आणि त्यांची काही आठवण असेल तर इथे लिहा, मी ती आईला वाचून दाखवणार आहे.

पांझराकाठ

विनम्र श्रद्धांजली. मी धुळ्याचा, त्यांना ओळखत नव्हतो. पण स्पर्धेबद्दल स्पष्ट बोलतो : करू नका. आमच्याकडे एका गुरुजींच्या नावाची स्पर्धा तीन वर्षं चांगली झाली. चौथ्या वर्षी फ्लेक्सवर गुरुजींचा फोटो पासपोर्टएवढा आणि बाकीच्यांचे दाराएवढे. पाचव्या वर्षी बक्षिसाच्या रकमेवरून भांडण. आता ती स्पर्धा कुणाच्या नावाची आहे हे खेळणाऱ्या पोरांना माहीतही नाही.

शिट्टी

पांझराकाठ, असं एकदम मोडीत काढू नका. मी वीस वर्षं कबड्डीचा पंच आहे. स्पर्धा बंद पडली की पहिल्यांदा मैदान जातं. माती टाकणं, पाणी मारणं, रोलर फिरवणं हे स्पर्धा आहे म्हणून होतं. एक वर्ष खेळ नाही झाला तर तिथे मंडप, दुसऱ्या वर्षी गाड्या.

नानांना मी ओळखत होतो. माझ्या पहिल्या सामन्यात मी एक लोण (समोरचा अख्खा संघ बाद झाल्याचे जादा गुण) चुकीचा दिला, शेवटचा गडी अजून आत होता. गुणलेखकाच्या टेबलावर नाना. ते ओरडले नाहीत, पेन्सिल आडवी धरून थांबले. मी पाहिलं, चूक कळली, निर्णय फिरवला. सामन्यानंतर म्हणाले, "पंचाला चूक दाखवायची नसते, त्याला बघायला वेळ द्यायचा असतो."

केळीबाग

ताई, रावेर तालुक्यातून लिहितोय. नाना आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी आठवीत होतो. त्याआधी जे जे एजंट आले ते सगळे वडिलांना दर महिन्याचा हप्ता सांगायचे. केळीवाल्याकडे दर महिन्याला पैसा कुठून येणार? बागेला अकरा-बारा महिने लागतात, कंदाची असली तर दीड वर्ष. माल निघाला की गठ्ठा येतो, तोपर्यंत खत, ठिबक, मजुरी सगळं जातंच जातं. आणि मे-जूनमध्ये एक वादळ आलं की उभी बाग आडवी.

नानांनी दोन तास फक्त शेताचा हिशेब विचारला. मग म्हणाले, "तुम्हाला हप्ता नको. माल गेल्यावर जी रक्कम येईल ती एकदम लिक्विड फंडात, म्हणजे लागेल तेव्हा काढता येईल अशा फंडात टाका, तिथून दर महिन्याला थोडी थोडी इक्विटीत, म्हणजे शेअरच्या फंडात जाऊ द्या. पण त्याआधी एका बागेचा पूर्ण खर्च वेगळा ठेवा, त्याला हात लावायचा नाही." तो बागेचा खर्च आमच्या घरात अजून 'नानाचा पैसा' म्हणून ओळखला जातो. दोन वादळं त्याच्यावर निघाली. सावकाराच्या ओट्यावर वडील गेले नाहीत.

आणि आमच्याकडून ते कधी रिकाम्या हाताने परत गेले नाहीत. वडील घड द्यायचे, नाना फण्या मोजून पैसे ठेवायचे, मग वडील रागवायचे. हे दरवेळी.

मेहरूणकाठ

केळीबाग, ती केळी आमच्या अख्ख्या गल्लीत वाटली जायची. आई म्हणते, पैसे किती ठेवले हे तिला त्यांनी कधीच सांगितलं नाही.

अमळनेरी

आमच्या गावाची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच. १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो. ज्या घरांनी ते जुने शेअर विकले नाहीत त्यांचं काय झालं हे अमळनेरात पोरासोरांना पाठ आहे. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक सल्लागार तीच गोष्ट सांगून सुरुवात करायचा : बघा, धरून ठेवलं की कोटी होतात.

नाना आमच्याकडे आले तेव्हा मामांनीच ती गोष्ट काढली. नाना म्हणाले, "त्याच वर्षी निघालेल्या आणि बंद पडलेल्या कंपन्यांचे कागद कुणी जपून ठेवत नाही, म्हणून त्यांच्या गोष्टी नाहीत." मामांनी मग पेटीतून बंद पडलेल्या एका गिरणीचे शेअर काढून दाखवले. दोघं बराच वेळ ते कागद बघत बसले होते.

रेल्वे_कॉलनी

भुसावळ. वडील रेल्वेत. मी थोडं वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

२००५ च्या सुमारास वडील बहिणीच्या लग्नासाठी सोनं घेऊन ठेवणार होते, तेव्हा तोळा सातेक हजार होता. नानांनी सांगितलं, सगळं सोन्यात नको, अर्धं फंडात घाला. वडिलांनी ऐकलं. आज तोळा लाखाच्या वर आहे. आई अजून म्हणते, नानाचं ऐकलं नसतं तर पोरीच्या अंगावर दुप्पट सोनं असतं. माणूस देवमाणूस होता यात शंका नाही. पण तेवढा सल्ला चुकला, हेही इथे लिहिलेलं असावं.

खापरावरची_पोळी

गेलेल्या माणसाच्या धाग्यावर हे लिहायची गरज होती का?

मेहरूणकाठ

गरज होती. बाबा असते तर त्यांनी हीच पोस्ट पहिली वाचली असती. रेल्वे_कॉलनी, लिहा तुम्ही.

पांझराकाठ

आकडे मांडून पाहू. बहिणीचं लग्न कधी झालं?

रेल्वे_कॉलनी

२०१५.

पांझराकाठ

मग लग्नाच्या वेळेपर्यंतच मोजायला हवं, कारण पैसा त्यासाठी ठेवला होता. फंडाचा अंदाज म्हणून शेअर बाजाराचा सेन्सेक्स धरू. २००५ मध्ये सोनं साधारण ७,००० आणि सेन्सेक्सही ७,००० च्या आसपास, जवळपास सारखेच आकडे. २०१५ च्या मध्यात सोनं २६,००० च्या आसपास, सेन्सेक्स २७,००० च्या वर. म्हणजे दहा वर्षांत दोघं बरोबरीत. सोन्याने खरी उडी त्यानंतर मारली. दागिना करून ठेवला असता तर घडणावळ वेगळी गेली असती.

पण तुमच्या आईंचं म्हणणंही खोटं नाही. फंड लग्नात मोडला गेला, सोनं अंगावर राहिलं असतं. खान्देशात बाईची पोत मोडायला दहा वेळा विचार होतो, फंड मोडायला एक सही पुरते. हा फरक आकड्यात दिसत नाही.

रेल्वे_कॉलनी

हे पटलं. बरोबरीत हे मला माहीत नव्हतं, आज आईला सांगतो. आणि एक राहिलं. सोन्याचं बोलणं झालं तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "नाना, फंडात किती मिळतील?" नानांनी वहीत रक्कम लिहिली, वर्ष लिहिलं आणि शेवटचा रकाना कोरा ठेवला. म्हणाले, "हा खेळ झाल्यावर भरू." तेव्हा वडिलांना ते टाळाटाळीचं वाटलं होतं.

मेहरूणकाठ

कोऱ्या रकान्यावरून सांगते.

१८ जून १९८३, विश्वचषकातला टनब्रिज वेल्सचा सामना. भारत ५ बाद १७ आणि मग कपिलदेवच्या नाबाद १७५. त्या सामन्याचं टीव्ही चित्रीकरणच नाही. बाबांनी त्या सामन्याचं पान स्वतःच्या वहीत तयार केलंय, पेपरातल्या धावफलकावरून. २६६ वर ८, साठ षटकं, किरमाणी नाबाद २४, नवव्या गड्यासाठी न तुटलेली १२६ ची भागी, झिंबाब्वे २३५, ३१ धावांनी जिंकलो. सगळं सुवाच्य. पण एकेका चेंडूचे चौकोन पूर्ण मोकळे. लहानपणी मी पेन्सिल घेऊन ते भरायला बसले होते, चौकार-षटकार मनाने टाकत. त्यांनी हात धरला. "जे आपण पाहिलं नाही ते भरायचं नाही." मला तेव्हा फार राग आला होता, एवढी सुंदर जागा रिकामी सोडायची म्हणजे काय.

सातपुडा_पायथा

मी चोपड्याचा. २००८ चं सांगतो. जानेवारीत सेन्सेक्स २१,००० वर, ऑक्टोबरच्या शेवटी ८,००० च्याही खाली गेला. मी दीड वर्षापूर्वीच एसआयपी, म्हणजे फंडात दर महिन्याचा हप्ता, चालू केलेली. नानांच्या घरी सकाळी साडेसहाला जाऊन उभा राहिलो. ते ओट्यावर दाढी करत होते. माझा चेहरा पाहून अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं रे? बठ, पहिले पानी पे."

मी म्हटलं, सगळं काढून द्या. त्यांनी फॉर्म आणून समोर ठेवला, अडवलं नाही. फक्त विचारलं, "कबड्डी खेळलास ना शाळेत? चढाईला गेलेला गडी निदानरेषा न ओलांडता परत आला तर?" मी म्हटलं, बाद. "मग तू अजून रेषेपर्यंत गेलेला नाहीस. पैसे लागणार असतील तर आत्ता सही कर, मी आज जमा करतो. भीती वाटतेय एवढंच असेल तर घरी जा." मी घरी गेलो. त्याच पैशातून पुढे विहीर खोल केली.

शिट्टी

वा. आणि निदानरेषेचा नियम नानांना इतका प्रिय का, तर त्यांचा गुडघा त्याच रेषेवर गेला होता. पकडीत पाय मुरगळला. ते स्वतः सांगायचे.

मेहरूणकाठ

हे मला माहीत नव्हतं! घरी त्यांनी फक्त 'पडलो' एवढंच सांगितलं होतं. आत्ताच आईला विचारलं. तिला माहीत होतं म्हणे.

गिरणाकाठ

पतसंस्थांचं कुणी लिहिलं नाही अजून. आपल्या जिल्ह्यात ज्या काळात एकामागून एक पतसंस्था अडचणीत आल्या, तेव्हा आमचे सहा लाख एका पतसंस्थेत अडकले. आजोबांची अख्खी निवृत्तीची रक्कम. नानांनी आधी तीनदा सांगितलं होतं की बँकेतल्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. तेव्हा बँकेचं विमा संरक्षण एक लाखाचं होतं, २०२० पासून पाच लाख झालं. पतसंस्थेला तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पण संचालक ओळखीचे, गावातले, आणि व्याज दोन टक्के जास्त. आजोबांनी ऐकलं नाही.

अडकल्यावर नाना आले. 'मी सांगितलं होतं' हे एकदाही म्हणाले नाहीत. ठेवीच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढून, क्रमाने लावून, उपनिबंधकांकडच्या अर्जाचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहून दिला. दर दोन महिन्यांनी फोन करायचे. थोडी रक्कम हप्त्याहप्त्याने मिळाली, सगळी नाही. या कामात त्यांना एक रुपया सुटत नव्हता.

खापरावरची_पोळी

माझ्या सासऱ्यांच्या वेळचं. ते अचानक गेले. पॉलिसीवर वारस म्हणून सासूबाईंचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, 'बाई' लावून. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात, कागद मात्र जिथे होते तिथेच राहतात. दावा अडकला. नानांनी प्रतिज्ञापत्र, लग्नाची पत्रिका, ग्रामपंचायतीचा दाखला असं सगळं जमवलं. दहाव्याला आले होते ते जेवले नाहीत, सासूबाईंजवळ जमिनीवर बसून म्हणाले, "वहिनी, सही कुठे कुठे लागेल ते मी पेन्सिलने फुली करून ठेवलंय, तुम्हाला होईल तेव्हा करा, घाई नाही."

वर मी रेल्वे_कॉलनी यांच्यावर रागावले होते. मागे घेते.

मेहरूणकाठ

पोळीताई, हे वाचून दाखवताना मला थांबावं लागलं.

आता माझंही एक लिहिते. मी खो-खो खेळायचे. बाबा माझ्या प्रत्येक सामन्याला यायचे, खांबाजवळ उभे राहायचे. विभागीय अंतिम सामन्याला आले नाहीत. त्या सकाळी त्यांचे एक अशील गेले होते आणि ते तिकडे गेले, दिवसभर तिथेच. आम्ही हरलो. मी त्यांच्याशी कितीतरी दिवस नीट बोलले नाही. ते रोज रात्री आठला जेवायला बसायचे, सगळ्यांनी एकत्र बसायचं हा त्यांचा एकच हट्ट. मी ताट घेऊन आत जायचे, ते काही म्हणायचे नाहीत. त्या वर्षीच्या स्कोअरबुकात माझ्या अंतिम सामन्याची तारीख, दोन्ही संघांची नावं, मुलींची नावं, सगळं आधीच लिहून ठेवलेलं सापडलं. पुढचं पान मोकळं.

मला आजही वाटतं, त्यांनी यायला हवं होतं. आणि पोळीताईंचं वाचून वाटतं, ते जिथे गेले तिथेही कुणीतरी हवं होतं. दोन्ही वाटतं.

रेल्वे_कॉलनी

ताई, आईला २०१५ चा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "असू दे, पोत राहिली असती." मग थोड्या वेळाने म्हणाली, नानांच्या वर्षश्राद्धाला मलाही ने.

अमळनेरी

अवांतर : नानांच्या दारावरची पाटी कुणाला आठवते? आधी 'गुंतवणूक सल्लागार' होती. २०२० मध्ये सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे नियम कडक झाले, कमिशन घेणाऱ्या वितरकाने स्वतःला सल्लागार म्हणवायचं नाही. कित्येकांनी जुन्या पाट्या तशाच ठेवल्या. नानांनी पेंटर बोलावून 'म्युच्युअल फंड वितरक' करून घेतली. लोक सल्लागारच म्हणत राहिले, ते प्रत्येकाला दुरुस्त करायचे.

सातपुडा_पायथा

रिबेटचंही तसंच. पहिल्या हप्त्यातलं कमिशन परत द्या म्हणणारे अशील सगळीकडे. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे ते देणंही गुन्हा, घेणंही गुन्हा. माझ्याच चुलत भावाने त्यावरून नानांना सोडलं, दुसऱ्याकडून पॉलिसी घेतली. नाना त्याच्या मुलाच्या सामन्यांना तरी येतच राहिले.

पांझराकाठ

मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढं वाचून माझं मत बदललं नाही, पण नेमकं झालं. रोख बक्षिसाची स्पर्धा नको. या माणसाचं सगळं आयुष्य टेबलाच्या मागच्या बाजूला गेलं : गुणलेखन, फॉर्म, पावत्या. चषकात ते कुठेच दिसणार नाही.

शिट्टी

मग माझं ऐका. आज जिल्ह्यात खेळणारी पोरं पुष्कळ, स्कोअर लिहिणारं कुणी नाही. मोबाईलवर ॲप असतं, बॅटरी संपली की सामना कोण जिंकलं यावरून हाणामारी. वैशाखात शाळांना सुट्टी. आठ-दहा दिवस मुलामुलींना स्कोअरिंग शिकवू, क्रिकेटचं आणि कबड्डीचं. शेवटच्या दिवशी चौदा वर्षांखालच्यांचा एक साधा सामना, तो त्यांनीच लिहायचा. मैदानाची माती मी बघतो.

खापरावरची_पोळी

आणि त्याच मंडपात एका बाजूला दुसरं टेबल. ज्यांच्या पॉलिसीवर, खात्यावर, पोस्टात वारसाचं नाव नाही किंवा चुकलंय त्यांनी कागद घेऊन यायचं. काही विकायचं नाही, नावं तपासून द्यायची. मी बसते तिथे. आता मला सगळे फॉर्म पाठ आहेत.

केळीबाग

केळी माझ्याकडून. पैसे ठेवायचे नाहीत, आधीच सांगतो.

मेहरूणकाठ

आईला तिन्ही पोस्ट वाचून दाखवल्या. इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदा स्वतःहून काही सांगितलं : ऊन तापायच्या आत, सकाळी सातला सुरू करा, नऊला बंद. मे महिन्यात जळगावात पंचेचाळीसला पारा असताना पोरांना दुपारी उभं केलेलं त्यांना चाललं नसतं. आणि माठ भरायला ती स्वतः येणार आहे.

काकांशी भाऊ बोलला. फ्लेक्स रद्द, त्या पैशात स्कोअरबुकं घ्यायला ते तयार झालेत.

पहिल्या दिवशी पोरांना मी ते १९८३ चं पान दाखवणार आहे. टेबल, वह्या आणि पेन्सिली माझ्याकडे आहेत. शिट्टीदादा, जागा कुठली ते तुम्ही सांगा.

शिट्टी

सागर पार्कला विचारतो उद्या. नाही मिळालं तर शाळेचं मैदान आहेच. खोडरबर आणा ताई, नाना विसरायचे आणि दर सामन्याला माझं घ्यायचे.